कालव्याकाठचे एल्म

एप्रिलच्या अखेरीस हॉलंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी ट्यूलिपसाठी जातात. ते वाफे सुंदरच असतात, पण त्याच दिवसांत आम्स्टरडॅमच्या कालव्यांवर जे चाललेलं असतं त्याकडे पर्यटकांचं फारसं लक्ष जात नाही. त्या शहरात ३० हजारांहून अधिक एल्म आहेत. मेच्या सुरुवातीला त्यांच्या बिया वाळतात आणि वारा सुटला की लाखोंनी खाली येतात. फरसबंदीच्या फटी, सायकलींच्या टोपल्या, बोटींच्या ताडपत्र्या, कॉफीचे कप, सगळीकडे फिकट पिवळ्या पापुद्र्यांचा थर बसतो. स्थानिक लोक त्याला वसंतातला बर्फ म्हणतात. मी त्या मोसमात मुद्दाम गेले ती हीच झाडं पाहायला.

एल्मचं आणि माझं नातं पुण्यात जुळलं होतं. आपल्याकडचा वावळ हा एल्मच्याच कुळातला. उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण वावळावर हिरवट चकत्यांचे घोस लटकतात, मग त्या वाळून रस्त्याभर उडतात. लहानपणी आम्ही चकती चोळून मधला दाणा खायचो. वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यावर दरवर्षी मुलांना तीच चकती दाखवून ‘सपक्ष फळ’ समजावत आले, आणि पुस्तकात शेजारीच एल्मचं चित्र असायचं. निवृत्तीनंतर भाचीने आम्स्टेलवेनला बोलावलं. या उपनगरात इतके भारतीय राहतात की भाजी आणताना दुकानात मराठी कानावर पडतं. “मावशी, कधी येतेस?” असं तिने विचारलं तेव्हा तारखा मी एल्मच्या बियांवर ठरवल्या.

हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे मोठे कालवे १६१३ पासून खणले गेले. २०१० साली युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारशात घेतला. छायाचित्रांत आपण त्रिकोणी माथ्यांची अरुंद घरं आणि पाणी पाहतो. प्रत्यक्षात चालायला लागलं की जाणवतं, घरं आणि पाणी यांना जोडतात ती झाडं. रस्त्याच्या कडेला, अगदी धक्क्याच्या भिंतीला लागून, ओळीने उभे एल्म. वर फांद्या इतक्या उंचावर पसरतात की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीलाही उजेड मिळतो, आणि खाली गाडी उभी राहायला जागा उरते. पानांची सावली दाट पण काळोखी नाही, पाण्यावर ती हलत राहते.

इथे एल्मच का, याचं उत्तर जमिनीत आहे. या शहरात थोडं खणलं की पाणी लागतं. त्यामुळे मुळांना खोल जायला वाव नाही, ती उथळ पसरतात. वरून समुद्राकडचा खारा वारा. रस्त्यावर विटा अंथरलेल्या, हिवाळ्यात त्यांच्यावर मीठ टाकलेलं. बीच किंवा ओक इथे कुरकुरतात. एल्म हे सगळं सोसतो. विटा वाळूत बसवलेल्या असल्याने त्यांच्या फटींतून मुळांना हवा-पाणी मिळतं आणि झाड डवरतं. वादळात उन्मळून पडणाऱ्यांत त्याचा नंबर बराच मागे लागतो.

पण कालव्यावर उभा असलेला हा एल्म नेमका कोणता? युरोपात दोन मुख्य एल्म आहेत. एक डोंगराळ, थंड भागातला. त्याचं पान मोठं, खरखरीत, देठ अगदी आखूड, आणि तो बियांवर पसरतो. दुसरा मैदानी. त्याचं पान लहान, बरंच गुळगुळीत, देठ जरा लांब, आणि त्याला मुळांतून फुटवे येतात, इतके की एका झाडापासून अख्खं कुंपण तयार होतं. हिमयुग ओसरल्यावर दक्षिणेकडच्या आसऱ्यांतून दोघंही उत्तरेला सरकत गेले आणि जिथे डोंगराचा पायथा आणि मैदान मिळतात तिथे शेजारी झाले. एल्मची फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं येण्याआधी उमलतात आणि परागकण वाऱ्यावर जातात. आड यायला पानंही नसतात. मग जे व्हायचं ते झालं: माणसाने हात न लावता दोघांचा संकर होत राहिला, हजारो वर्षं, फ्रान्सपासून जर्मनीपर्यंत.

त्या संकराला शास्त्रात ‘उल्मुस हॉलंडिका’ म्हणतात. नावात गुणाकाराचं चिन्ह लिहितात, ते संकराची खूण. हे नाव चेल्सीच्या औषधी बागेचे प्रमुख फिलिप मिलर यांनी १७६८ साली दिलं. त्याआधी लिनियसने युरोपातले सगळे एल्म एकाच नावाखाली घातले होते. लिनियसचं तसं होणं मला समजू शकतं. या संकराची गोष्ट अशी की तो वांझ नाही. त्याला बी धरतं, ते रुजतं, आणि तो आईच्या किंवा बापाच्या जातीशी पुन्हा संकर करतो. त्यातून एका टोकाला पक्का डोंगरी, दुसऱ्या टोकाला पक्का मैदानी, आणि मधे शेकडो छटा तयार होतात. या छटांना किती नावं द्यावीत यावर इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विसाव्या शतकात पिढीभर भांडले. रोनाल्ड मेलव्हिल यांना जागोजागी वेगळ्या जाती दिसत होत्या, रिचेन्स यांना दोनच जाती आणि त्यांची अपत्यं. प्रवासी म्हणून माझा कल रिचेन्स यांच्याकडे झाला.

याचं कारण बी. नोर्डरमार्क्टजवळच्या बाकावर बसून मी आणि भाचीच्या मुलीने रुमालावर मूठभर बिया पसरल्या. जाड पोह्यांएवढ्या चकत्या, मधे फुगीर दाणा, भोवती पातळ पंख, टोकाला एक बारीक खाच. डोंगरी एल्मच्या चकतीत दाणा बरोबर मध्यावर असतो. मैदानीत तो टोकाच्या खाचेला जाऊन भिडतो. आमच्या रुमालावरच्या बहुतेक चकत्यांत दाणा मध्यापासून वर सरकलेला होता, पण खाचेपर्यंत सगळे सारखे पोचलेले नव्हते. भिंगाखाली हे अंतर स्पष्ट दिसतं. दोन्ही आजोळांचा वारसा असा मिलिमीटरमध्ये मोजता यावा याचा मला फार आनंद झाला. पोरीने तर ‘डोंगरातली’, ‘मैदानातली’ आणि ‘मधली’ असे तीन ढीग केले आणि मधल्यांचा ढीग सगळ्यात मोठा झाला. झाडावर हिरव्या असताना या चकत्या पानांसारखं अन्नही तयार करतात, कारण तोवर पानं पुरती फुललेली नसतात. खाली पडल्यावर मात्र त्यांचं आयुष्य फार थोडं. ओल मिळून चटकन रुजल्या तर ठीक, नाहीतर कुचकामी. शहरातल्या लाखो बियांतली क्वचित एखादी भिंतीच्या फटीत रोप धरते.

झाड ओळखायची आणखी एक खूण पानात आहे. एल्मच्या पानाचे दोन अर्धे देठाशी सारख्या उंचीवर जुळत नाहीत, एक बाजू खाली उतरते. एकदा ही तिरकस बैठक डोळ्यात भरली की शंभर झाडांतून एल्म वेगळा काढता येतो.

संकराला जोम असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. हॉलंड आणि फ्लँडर्सच्या रोपवाटिकावाल्यांनी तो जोम लवकर हेरला. सरळ खोड, झपाट्याची वाढ, वाऱ्याला न झुकणारा शेंडा असा एखादा संकर मिळाला की बी पेरायचं नाही. बियाणाच्या रोपांत पुन्हा सगळ्या छटा निघतील. त्याऐवजी दाब कलम करायचं किंवा मुळांचे फुटवे काढायचे. असं केलं की प्रत्येक रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत. ‘बेल्जिका’ नावाचा असाच एक वाण डच रस्त्यांचा, बांधांचा आणि कालव्यांचा राजा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात एल्म लावायचा म्हणजे बहुधा ‘बेल्जिका’च लावायचा असा रिवाज होता. इंग्लंडमध्येही १७व्या शतकाच्या अखेरीला हॉलंडहून संकर एल्म गेले. हंटिंग्डनजवळ १८व्या शतकाच्या मध्याला तिथल्याच बियांतून निघालेला ‘हंटिंग्डन एल्म’ त्याच घराण्यातला. मैलोन्‌मैल एकाच झाडाच्या प्रती उभ्या करण्यात किती मोठा धोका आहे, याची जाणीव मात्र तेव्हा कुणाला नव्हती.

तो धोका कसा समोर आला हे पाहायला मी बार्नला गेले. आम्स्टरडॅमहून हिल्व्हर्समवरून आगगाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. गर्द झाडीतलं, मोठ्या बंगल्यांचं हे गाव. त्यातल्या ‘व्हिला जावा’ या बंगल्यात १९२०च्या दशकापासून विली कोमेलिन स्कोल्टन वनस्पतिरोग प्रयोगशाळा होती. विली हा वनस्पतिशास्त्र शिकायची इच्छा असलेला तरुण मुलगा. तो गेल्यावर आईवडिलांनी १८९४ साली त्याच्या नावाने आम्स्टरडॅमला प्रयोगशाळा काढली, ती पुढे इथे आली. शेजारच्या कँटन्सपार्कमधला काचेचा हिवाळी बगिचा पाहता येतो. पण मी तिथे बराच वेळ बसले ती बाहेर, झाडाखाली, इथे काम केलेल्या बायकांचा विचार करत.

१९०६ साली या प्रयोगशाळेची सूत्रं योहाना वेस्टरडाइक यांच्याकडे आली तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. १९१७ साली त्या उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, हॉलंडमधल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. त्यांनी मुलींना दार उघडून दिलं, आणि पीएच.डी. केलेल्या त्यांच्या पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. १९१९च्या सुमारास देशाच्या दक्षिण भागातून खबर येऊ लागली की भर उन्हाळ्यात एल्मची पानं पिवळी पडून सुकताहेत आणि झाडं मरताहेत. वाखेनिंगेनच्या वनस्पतिरोग सेवेतल्या दिना स्पीरेनबर्ख यांनी १९२१ साली त्यावर पहिला सविस्तर लेख लिहिला. कारण कुणालाच कळत नव्हतं. नुकतंच महायुद्ध संपलेलं, त्यामुळे विषारी वायूचा परिणाम असेल असंही लोक म्हणत. वेस्टरडाइक यांच्या विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स यांनी आजारी फांद्यांतून एक बुरशी वेगळी केली आणि १९२२च्या आपल्या प्रबंधात तीच कारण आहे असं मांडलं. अनेकांनी ते मानलं नाही. जर्मनीत काहीजण जिवाणूच धरून बसले होते. श्वार्त्स पुढे जावाला कामाला गेल्या. तो धागा क्रिस्टिने बाउसमन यांनी उचलला. आधीच्या प्रयोगांत झाडाला बुरशी टोचायची वेळ चुकत होती. बाउसमन यांनी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात नव्या वाहिन्या तयार होत असताना बुरशी टोचली. झाडं हुबेहूब त्याच रीतीने सुकली. हे १९२७ साल. १९३० मध्ये त्या अमेरिकेत असताना ओहायोमधल्या एल्ममध्ये हाच रोग त्यांनी ओळखला. १९३६ साली, वयाच्या ३६व्या वर्षी त्या वारल्या.

जगभर या रोगाला ‘डच एल्म रोग’ म्हणतात ते तो हॉलंडमधून आला म्हणून नव्हे, तर या डच बायकांनी त्याचा छडा लावला म्हणून. नवी मुंबईत किंवा नाशकात शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर तिला या चार नावांची गोष्ट कुणीतरी सांगावी असं मला फार वाटतं.

रोगाची चाल भयंकर आहे. आजारी किंवा मेलेल्या एल्मच्या सालीखाली एक छोटा भुंगा अंडी घालतो. अळ्या सालीच्या आतल्या बाजूला बोगदे कोरतात. त्या बोगद्यांत बुरशीही वाढते. नवे भुंगे अंगावर बीजाणू घेऊन बाहेर पडतात आणि निरोगी एल्मवर जाऊन कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यातली साल कुरतडतात. बुरशी जलवाहिन्यांत शिरते. तिला अडवायला झाड स्वतःच त्या वाहिन्या बुजवतं, आणि शेंड्याला पाणी मिळेनासं होतं. अशी फांदी तिरकी कापली तर आत तपकिरी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. रांगेत लावलेल्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, तेव्हा रोग भुंग्याशिवायही शेजाऱ्याकडे जातो. आणि रांगेतलं प्रत्येक झाड जर एकाच वाणाची प्रत असेल, तर एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. ‘बेल्जिका’च्या बाबतीत तेच झालं.

डचांनी मग रोगाला तोंड देणारा एल्म शोधायला घेतला. हजारो रोपं वाढवायची, प्रत्येकाला बुरशी टोचायची आणि जी जगतील ती ठेवायची. हे वर्षानुवर्षांचं काम. स्पेनहून आणलेल्या बियांतून निघालेल्या पहिल्या टिकाऊ वाणाला बाउसमन यांचं नाव दिलं. पुढे ‘बेआ श्वार्त्स’ आला, तो आपल्या संकराच्याच घराण्यातला. दोन्ही झाडं दिसायला बेतासबात, रस्त्यावर शोभा आणणारी नव्हेत. १९६०च्या आसपास ‘कोमेलिन’ नावाचा देखणा वाण हाती लागला तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला गेला. तोही फार काळ टिकला नाही. १९६०च्या दशकात बुरशीची आणखी जहाल जात उत्तर अमेरिकेतून लाकडाच्या ओंडक्यांबरोबर ब्रिटनमध्ये उतरली. तिने ब्रिटनमधले अडीच कोटींहून अधिक एल्म मारले, आणि युरोपात ‘कोमेलिन’लाही गाठलं.

याच्या पुढचा भाग आपल्या मातीशी जोडलेला आहे. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या डोंगरांत हिमालयी एल्म आढळतो. त्याच्या पानांचा चारा होतो, म्हणून पहाडी लोक त्याच्या फांद्या उतरवतात. वाखेनिंगेनला एल्मचं संशोधन करणारे हान्स हेब्रूक १९६० साली त्याच्या शोधात हिमालयात आले. त्यांना दिसली ती चाऱ्यासाठी पुन्हापुन्हा छाटलेली झाडं. सतत छाटलं की झाडाला फुलं आणि बी धरत नाही. तरी त्यांनी नमुने नेले. पुढे १९७१ साली त्यांनी मेलव्हिल यांच्याबरोबर हिमालयातल्या एल्मवर मोठा लेख लिहिला. भारताचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस यांचं नाव तिथल्या एका नैसर्गिक संकर एल्मला दिलेलं आहे. जे युरोपच्या मैदानाकडेला घडलं तेच आपल्या पहाडांतही घडत होतं, हे वाचून मला विलक्षण समाधान वाटलं.

हिमालयी एल्मचं रक्त डच वाणांत मिसळलं. १९७३ साली बाहेर आलेल्या ‘लोबेल’मध्ये ते आहे, ‘डोडोएन्स’मध्ये आहे, आणि त्यानंतर आलेल्या आणखी काही वाणांतही आहे. ‘लोबेल’ आम्स्टरडॅमच्या रस्त्यांवर भरपूर दिसतो: उभट, आटोपशीर, लहान पानांचा. तिथे पहिल्यांदा त्याच्या खोडाला हात लावला तेव्हा कुल्लू-मनालीच्या वाटेवरच्या त्या बोडक्या, छाटलेल्या झाडांची आठवण झाली. ती झाडं आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेत, आणि त्यांचं देणं घेऊन हे शहर हिरवं उभं आहे. हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरच्या वनखात्यांनी या झाडाकडे नुसता चारा म्हणून पाहू नये.

शहराच्या पूर्वेला प्लांटाजेमध्ये १६३८ साली स्थापन झालेली औषधी बाग आहे, आता ती हॉर्टस बोटॅनिकस म्हणून ओळखली जाते. एल्मशी तिचा थेट संबंध नाही, पण मराठी वाचकासाठी दोन वाक्यं लिहायलाच हवीत. या बागेचे यान कोमेलिन यांनी ‘हॉर्टस मलबारिकस’च्या संपादनात काम केलं. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापलेल्या त्या बारा खंडांच्या ग्रंथाला रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांनी मदत केली होती, आणि त्यांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. कालव्यांवरच्या रोपांना पहिली पालवी फुटत होती त्या शतकात या शहरात आपली अक्षरं उमटली.

एल्म मोकळेपणी वाढलेला पाहायचा तर पाण्यापलीकडे जावं. सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूने आय हा जलमार्ग ओलांडणाऱ्या फेरी बोटी सुटतात, सायकलवाले आणि पायी जाणारे सगळे त्यावर फुकट जातात. आयप्लाइनला उतरून थोडं चाललं की व्हलीगेनबोस लागतं. कामगार वस्तीला मोकळी हवा आणि सावली मिळावी म्हणून व्हिलेम व्हलीगेन या समाजवादी पुढाऱ्याने आग्रह धरला आणि १९१०च्या दशकात हे रान लावलं गेलं. पश्चिम युरोपातल्या सगळ्यात मोठ्या एल्मवनांत त्याची गणना होते. इथे कुणी फांद्या बेतून दिलेल्या नाहीत. खोडांना गाठी आहेत, जुन्या सालीवर खोल भेगा आहेत, बुंध्याशी फुटव्यांची दाटी आहे. पायवाटेवर बियांचा थर इतका जाड की पाऊल आवाज न करता पडतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. ओल्या मातीत काही चकत्यांतून मुळं बाहेर आलेली दिसली. भिंगाशिवायही दिसावीत इतकी ठळक.

ही झाडं नुसत्या वाणांवर टिकलेली नाहीत. हे मला शहराच्या हिरवाई विभागासाठी काम करणाऱ्या एका माणसाने रानाच्या कडेला उभं राहून समजावलं. उन्हाळाभर निरीक्षक एल्मच्या रांगा पाहत फिरतात. शेंड्याकडे एखादी फांदी अवेळी पिवळी दिसली की नमुना काढतात. रोग पक्का झाला की झाड लगेच उतरवतात, शेजारच्या झाडाकडे जाणारी मुळं चर खणून तोडतात, लाकडाची साल काढून किंवा भुगा करून विल्हेवाट लावतात. सालीसकट एल्मचं लाकूड साठवून ठेवायला डच नगरपालिकांच्या नियमांत मनाई आहे, कारण तेच भुंग्यांचं घर. काही मोक्याच्या झाडांना वसंत ऋतूत एक लसही टोचतात. व्हर्टिसिलियम नावाच्या निरुपद्रवी बुरशीच्या बीजाणूंचं ते द्रावण असतं, त्याने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. या लसीतल्या बुरशीच्या नमुन्याचा क्रमांक ‘डब्ल्यू सी एस ८५०’ असा आहे. पहिली तीन अक्षरं बार्नच्या प्रयोगशाळेच्या नावातली.

१९७७ साली हॉलंड सरकारने देशभर रोगनिर्मूलनाची मोहीम घेतली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. १९९०च्या दशकाच्या आरंभी सरकारने हात काढून घेतला. ज्या गावांनी स्वतःच्या पैशाने निरीक्षण चालू ठेवलं त्यांचे एल्म उभे राहिले, ज्यांनी सोडलं तिथे रोग पुन्हा चढला. आम्स्टरडॅमने सोडलं नाही. महापालिकेच्या संगणकीय नकाशावर रस्त्यातलं प्रत्येक झाड त्याच्या जातीसह नोंदलेलं आहे. घरासमोरचा एल्म ‘बेल्जिका’ आहे की ‘लोबेल’ हे नागरिकाला घरबसल्या कळतं. मला या शहराचं खरं वैभव या नोंदीत दिसलं. चित्रशाळा तर पुष्कळ शहरांना असतात.

धोका संपलेला नाही, फक्त तो आता दुसरीकडून येतो आहे. कालव्यांच्या जुन्या भिंती खचताहेत. २०२० सालच्या सप्टेंबरमध्ये ग्रिम्बुर्गवालची भिंत कोसळून थेट पाण्यात गेली. शेकडो किलोमीटरच्या या भिंतींची दुरुस्ती अनेक वर्षं चालणार आहे, आणि भिंत उकलायची तर तिला बिलगलेली झाडं काढावी लागतात. काही ठिकाणी मी रिकामी आळी पाहिली, एका ठिकाणी नवं रोप दोन खांबांना बांधलेलं. त्याच्या शेजारचं रोप वेगळ्या वाणाचं होतं, तिसरं आणखी वेगळं. एका रांगेत एकच वाण लावायचा नाही, हे ‘बेल्जिका’ने शिकवलेलं शहराने मनावर घेतलं आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या उद्यान विभागांनीही ते मनावर घ्यावं. आपल्याकडे रस्तारुंदीत गेलेल्या वावळ, वड, कडुनिंबाच्या जागी अख्ख्या दुभाजकावर एकाच परदेशी झाडाची रांग उभी राहते, आणि कुठे कोणतं झाड होतं याची नोंद बहुधा कुणाकडे नसते.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. बियांचा मोसम हवामानावर थोडा पुढेमागे होतो, पण एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला पंधरवडा धरला तर चुकणार नाही. ट्यूलिपही तेव्हाच असतात. मुंबईहून आम्स्टरडॅमला थेट विमान आहे. काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त सकाळी लवकर पायी फिरावेत, दुपारी फेरीने व्हलीगेनबोसला जावं, एक दिवस बार्नसाठी ठेवावा. जवळ भिंग असू द्या. एल्मची फांदी किंवा सालीचा तुकडा आठवण म्हणून बरोबर घेऊ नका, तिथल्या झाडांसाठी ते घातक आहे. आणि घरी परतल्यावर आपल्या गल्लीत वावळ असेल तर तो नोंदवून ठेवा: जागा, घेर, फुलांचा आणि बियांचा महिना.